‘बाई, आता काय काढू?’

नमस्कार. सहावी ते आठवीला चित्रकला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. त्याच्या मागोमाग त्याची भावंडं येतात. ‘कागद आडवा धरू की उभा?’ ‘इथे कुठला रंग देऊ?’ ‘एवढं मोठं चालेल?’ आणि शेवटी, ‘बाई, झालं का हे?’ काही वर्षांपूर्वी एका तासाला मी हे सगळे प्रश्न एका कागदावर टिपून ठेवले. संध्याकाळी तो कागद वाचताना मला फार वाईट वाटलं. चित्रं मुलांची होती आणि त्यातला एकूण एक निर्णय माझ्याकडून मागून घेतला जात होता. ही सवय त्यांना मीच लावली होती. विषय मी द्यायचे, नमुना मी फळ्यावर लावायचे, रंग मी वाटायचे. मग त्यांनी विचारायचं नाही तर काय करायचं?

या वयाबद्दल आधी थोडं बोलते, कारण अकरा ते चौदा या वर्षांत चित्र काढण्याचं जे होतं ते पाहून मला अजूनही वाईट वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्यच माहीत नसतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यात साधारण नऊ ते बारा या वयात वास्तवाची ओढ सुरू होते आणि बारा ते चौदामध्ये मूल स्वतःच्या चित्राकडे परीक्षकाच्या नजरेने पाहू लागतं. नजर पुढे गेलेली असते, हात मागे राहिलेला असतो. त्या अंतरात खोडरबर झिजतो, कागद फाटतो, आणि एके दिवशी मूल जाहीर करून टाकतं की आपल्याला चित्रकला येत नाही. पुष्कळ जण पुढे आयुष्यभर तेच सांगतात.

आपण यावर सोपा उपाय काढतो. सगळ्यांना एकच नमुना देतो, पायऱ्या आखून देतो, म्हणजे प्रत्येकाचं काहीतरी बरं दिसतं. कलाशिक्षणाचेच दुसरे अभ्यासक आर्थर एफलंड यांनी 1976 मध्ये या प्रकाराला ‘शालेय कलाशैली’ म्हटलं. ही कला शाळेत तयार होते आणि शाळेबाहेर कुठेच सापडत नाही. वरून ती मोकळी, रंगीबेरंगी दिसते. मात्र ती करताना मुलाने ठरवलं काय, हे शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं.

दुसरी वाट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1970 च्या दशकात काही कलाशिक्षकांनी चालायला सुरुवात केली. तिचा गाभा तीन वाक्यांत मावतो: कलाकार काय करतात? मूल हाच कलाकार. वर्ग हा त्याचा स्टुडिओ. यातलं तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्या दोन वाक्यांना कुणीही मान डोलावतं. तिसऱ्यासाठी टेबलं हलवावी लागतात.

ती कशी हलवायची, ते जरा तपशिलात सांगते. पहिल्याच दिवशी सगळी कपाटं उघडून ‘करा हवं ते’ म्हणालात, तर वीस मिनिटांत गोंधळ माजेल आणि पुढच्या तासाला तुम्ही पुन्हा नमुना लावाल. मी हे केलेलं आहे. आता मी एकेक कोपरा उघडते. आधी फक्त रेखाटन: पेन्सिली, कोळसा, तैलखडू, वेगवेगळ्या आकारांचे कागद. तो कोपरा मुलांच्या अंगवळणी पडला की कोलाज आणि पुठ्ठाकाम. त्यानंतर रंग. मग माती, ठसेकाम, विणकाम. प्रत्येक कोपरा उघडताना सात-आठ मिनिटं दाखवायचं: ब्रश कसा धरायचा, कसा धुवायचा, कुठे ठेवायचा, ओल्या मातीचे दोन तुकडे जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून मध्ये मातीचा रबडा का लावायचा. एवढं झालं की मी थांबते आणि बाकीचा तास मुलांचा असतो. शेवटची दहा मिनिटं आवराआवर आणि बोलणं.

आवराआवरीवर मी हट्टाने वेळ देते. प्रत्येक डब्यावर आत काय असतं त्याचं चित्र, ब्रशच्या बरणीवर ब्रशांचा आकडा. सामान कुठे आहे हे मुलाला विचारावं लागलं, तर निर्णय पुन्हा माझ्याकडे येतो. मांडणी चोख असेल तर मुलगा स्वतः उठतो, ओला कागद वाळत घालतो, दुसरं काम हातात घेतो. या सगळ्यात शिक्षकाचं काम कमी होतं असं कुणी म्हणालं तर मी त्यांना माझा एक तास पाहायला बोलावीन. फळ्यासमोर उभं राहून चाळीस जणांना एक गोष्ट सांगणं सोपं होतं. आता मी एका टेबलापासून दुसऱ्या टेबलाकडे फिरते, पाहते, वहीत टिपते, आणि कुणाशी कधी बोलायचं नाही हे ठरवते. सर्वांत अवघड तेच आहे.

एक मुलगी होती. सलग सात आठवडे तिने फक्त डोळे काढले. पानंच्या पानं डोळे, तेही एका ठरावीक कार्टूनच्या पद्धतीचे, टपोरे, पाणीदार. सहकाऱ्यांनी विचारलं, ‘तुम्ही तिला दुसरं काही देत का नाही?’ माझ्याही मनात रोज येत होतं. पण नक्कल हे या वयात शिकण्याचं अगदी जुनं साधन आहे. मोठमोठ्या चित्रकारांनी संग्रहालयांत बसून आधीच्यांच्या नकला केल्या आहेत. मी तिला एवढंच विचारलं, ‘हा डोळा कुणाकडे बघतोय?’ ती काही बोलली नाही. पुढच्या तासाला ती आरसा मागायला आली. मग स्वतःचा डोळा, मग शेजारणीचा, मग पापण्या मिटलेला. टपोरे डोळे तिने सोडले नाहीत, पण त्यांच्याभोवती चेहरे यायला लागले. तो प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यात विचारला असता, तर कदाचित तिने वही बंद केली असती.

आणि जे मूल काहीच करत नाही, नुसतं बसून राहतं, त्याचं काय? विचारात असलेलं मूल आणि अडकलेलं मूल यांत फरक असतो, तो बघूनच कळतो. विचारात असलेल्याला हात लावू नका. अडकलेल्यासाठी माझ्या भिंतीवर तीन सूचना आहेत: आपली जुनी वही उलगड. कुठलंही एक साहित्य घेऊन दहा मिनिटं नुसतं खेळ. वर्गात फेरी मारून कुणाचं काम आवडलं ते त्याला सांग. अमर्याद मोकळीक पुष्कळ मुलांना भीती घालते. म्हणून साहित्य तेच ठेवून विषय मोकळा, किंवा विषय ठरवून साहित्य मोकळं, असंही मी करते. ‘एखादी गोष्ट आतून कशी दिसेल?’ एवढ्या एका प्रश्नावर एका वर्गाने कपाट, गुडघा, घड्याळ आणि राग काढला होता.

कौशल्याचा आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर जवळचं-लांबचं दाखवणं, कधी शिकवणार? गरज पडेल तेव्हा. दोघातिघांना जिना काढायचा असतो आणि पायऱ्या काही केल्या मागे जात नाहीत. त्या वेळी मी त्यांना बाजूला घेऊन क्षितिजरेषा आणि मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात तो लोपबिंदू दाखवते. दहा मिनिटांत समजतं, कारण त्यांना ते हवं असतं. पाठीमागून दोन जण डोकावत असतात, ते पुढच्या आठवड्यात येतात. ज्यांना कधीच गरज पडत नाही अशी मुलंही असतात, म्हणून वर्षातून काही तास मी सगळ्यांना एकत्र बसवून शिकवते. यात मला विसंगती वाटत नाही.

गुण कसे द्यायचे? हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झिरो’मधल्या संशोधकांनी कलावर्गांचं निरीक्षण करून आठ सवयी नोंदवल्या. त्यांत कौशल्य ही एक आहे. बाकीच्यांत चिकाटी, मनात चित्र उभं करणं, निरखून पाहणं, चाचपडून बघणं, स्वतःच्या कामावर विचार करणं हे येतं. मी गुण यांना देते आणि पुरावा मुलाकडून मागते: कच्ची रेखाटनं, फसलेला प्रयत्न, आणि कामाखाली चार ओळी, काय करायचं होतं, काय बदललं, का बदललं. स्टार आणि बक्षिसं मात्र मी बंद केली. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्र काढायला लावलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्राकडे बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची ओढ घटली नाही. आपली मुलं वयाने मोठी आहेत, पण जे आवडीने चाललं आहे त्याला किंमत लावताना मी आता दहादा विचार करते.

तुम्हाला सगळा वर्ग बदलायला मी सांगत नाही. पुढच्या आठवड्यात एकाच तुकडीचा एकच तास घ्या. नमुना लावू नका, एकच साहित्य ठेवा, आणि खिशात कागद-पेन घेऊन फिरा. जे जे विचारलं जाईल ते टिपा. ‘झालं का हे?’ असं कुणी विचारलं, तर ‘तुला काय वाटतं?’ म्हणा आणि खरोखर उत्तराची वाट बघा; मुलाला तुम्ही थांबलेले दिसायला हवेत. तो कागद टाकू नका. तीन महिन्यांनी त्याच तुकडीत पुन्हा तसाच टिपा आणि दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या दुसऱ्या कागदावरचा पहिला प्रश्न होता, ‘बाई, हे वाळायला किती वेळ लागेल?’