मार्शलच्या मुलांचा १९७१चा हंगाम

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठी हंटिंग्टन नावाचे शहर आहे आणि मार्शल विद्यापीठ याच शहरात आहे. या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९७१ साली दहा सामने खेळले, त्यांतले दोन जिंकले आणि आठ गमावले. एवढ्या अपयशी हंगामाविषयी आज आपल्याशी बोलावेसे वाटते, याचे कारण असे की हा हंगाम खेळला जाईल की नाही, हाच मुळात मोठा प्रश्न होता.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी, शनिवारी, मार्शलचा संघ नॉर्थ कॅरोलायना राज्यात ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी खेळला आणि १७-१४ असा थोडक्यात हरला. त्याच संध्याकाळी संघ भाड्याच्या विमानाने परत निघाला. हंटिंग्टनच्या विमानतळाजवळ पाऊस पडत होता आणि ढग खाली उतरले होते. धावपट्टी दिसण्याआधीच विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले, अलीकडच्या टेकडीवरच्या झाडांना धडकले आणि कोसळले. विमानातील ७५ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत ३७ खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली आणि त्यांचे सहकारी होते, आणि संघावर जीव असलेले शहरातील २५ नागरिकही होते. हे नागरिक म्हणजे हंटिंग्टनमधील डॉक्टर, व्यावसायिक आणि त्यांच्या पत्नी अशी मंडळी होती. त्यामुळे हे दुःख विद्यापीठापुरते राहिले नाही. एका रात्रीत शहरातील कितीतरी मुलांचे आई, वडील किंवा दोघेही गेले. सहा खेळाडूंचे देह ओळखता आले नाहीत, म्हणून त्यांना शहरातील स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारीशेजारी पुरण्यात आले.

यानंतर फुटबॉल बंद करावा असे कोणाला वाटले असेल, तर त्यात गैर काहीच नव्हते. अपघाताच्या आधीही संघाची स्थिती बरी नव्हती. खेळाडू भरतीच्या नियमांचा भंग केल्यामुळे १९६९ साली मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठीय संघांच्या साखळीने मार्शलला बाहेर काढले होते, आणि १९७०च्या हंगामात तीन विजय व सहा पराभव अशी नोंद होती. तरीही विद्यापीठाचे प्रभारी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने खेळ चालू ठेवायचे ठरवले. प्रशिक्षक मिळणेही सोपे नव्हते. एका प्रशिक्षकांनी पद स्वीकारले आणि काही दिवसांतच सोडले. त्यानंतर ओहायोमधील वूस्टर या लहानशा कॉलेजातून जॅक लेंगयेल आले. जुन्या प्रशिक्षकांपैकी रेड डॉसन त्यांच्या मदतीला राहिले. डॉसन त्या दिवशी नव्या खेळाडूंच्या शोधात मोटारीने निघाले होते, म्हणून विमानात नव्हते. आपणच घरी जाऊन निवडून आणलेली मुले गेल्यानंतर त्याच मैदानावर पुन्हा उभे राहणे या माणसाला किती जड गेले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता एका नियमाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो समजल्याशिवाय हा हंगाम समजत नाही. त्या काळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. याच नियमामुळे १९७० साली पहिल्या वर्षाला असलेली मुले त्या विमानात नव्हती. पण पुढच्या वर्षी तोच नियम अडसर ठरला. उरलेल्यांत दुसऱ्या वर्षात गेलेली ही मुले होती, आणि दुखापतीमुळे त्या दौऱ्याला न गेलेल्या नेट रफिनसारखे काही जुने खेळाडू होते. एवढ्यांतून अकरा जणांचा बचाव, अकरा जणांचे आक्रमण आणि वर राखीव खेळाडू उभे राहणे शक्यच नव्हते. तेव्हा एनसीएए या देशपातळीवरील क्रीडासंस्थेने मार्शलला सवलत दिली आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळण्याची मुभा मिळाली. बाकीच्या जागा इतर खेळांतून आणि हौसेने चाचणीला आलेल्या विद्यार्थ्यांतून भरल्या गेल्या. या खेळात एकोणीस आणि बावीस वर्षांच्या शरीरांत फार मोठे अंतर असते, आणि समोरासमोरच्या धडकेत ते दर वेळी जाणवते. रफिन या संघाचा कर्णधार झाला. संघाचे नाव थंडरिंग हर्ड; लेंगयेल यांनी या मुलांना यंग थंडरिंग हर्ड म्हटले.

अशा हलक्या संघाने खेळायचे कसे, याचे उत्तर त्याच राज्यातील मोठ्या विद्यापीठाकडून मिळाले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांनी आपल्या डावपेचांची दारे मार्शलच्या प्रशिक्षकांना मोकळी केली, आणि तिथून ते व्हीअर नावाची आक्रमणपद्धत शिकून आले. या पद्धतीत समोरच्या फळीतील एका बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. तो कोणाच्या अंगावर जातो हे पाहून क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने, क्षणात ठरवायचे, की चेंडू शेजारून धावणाऱ्याच्या हाती द्यायचा, स्वतः घेऊन पळायचे की बाहेर फेकायचा. ज्याला ताकदीने हलवता येत नाही, त्याला अडवण्याची गरजच यात उरत नाही. क्वार्टरबॅकला मात्र नजर आणि धीर दोन्ही लागतात. ही जबाबदारी रेजी ऑलिव्हर याच्याकडे होती, आणि तो दुसऱ्या वर्षाला होता.

पहिला सामना मोरहेड स्टेटने २९-६ असा जिंकला. दुसरा सामना २५ सप्टेंबर रोजी हंटिंग्टनच्या फेअरफील्ड स्टेडियमवर, सिनसिनाटीच्या झेव्हियर विद्यापीठाशी होता. अपघातानंतर संघ प्रथमच घरच्या प्रेक्षकांसमोर उतरत होता. सामना अटीतटीचा झाला आणि शेवटच्या चालीला झेव्हियर १३-९ असे पुढे होते. चेंडू गोलरेषेपासून तेरा यार्डांवर होता. ऑलिव्हरने एका बाजूला धाव घेण्याची हूल दिली, बचावपटू त्याच्यामागे ओढले गेले, आणि त्याने दुसऱ्या बाजूला टेरी गार्डनरकडे छोटा पास टाकला. गार्डनर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. पुढे धावलेल्या साथीदारांनी वाट मोकळी केली आणि तो गोलरेषा पार करून गेला, तेव्हा घड्याळात वेळ उरलेला नव्हता. मार्शलने १५-१३ असा विजय मिळवला आणि प्रेक्षक मैदानात धावून आले.

या विजयाची गोष्ट अमेरिकेत अनेकदा सांगितली जाते, आणि ती तशी सांगण्यासारखी आहेच. मला मात्र त्यानंतरचे आठवडे अधिक महत्त्वाचे वाटतात. ओहायोतील मायामी विद्यापीठाने या संघाला ६६-६ असे हरवले. इतर काही सामन्यांत तर मार्शलला एकही गुण मिळवता आला नाही. पहिल्या विजयाचा भर ओसरला होता, शरीरे ठेचकाळली होती आणि दर शनिवारी समोर आपल्यापेक्षा थोराड खेळाडू येत होते. अशा वेळी ऑक्टोबरच्या अखेरीस, माजी विद्यार्थी ज्या दिवशी विद्यापीठात परततात त्या होमकमिंगच्या सामन्यात, या मुलांनी बोलिंग ग्रीनला १२-१० असे हरवले. बोलिंग ग्रीन हा मार्शलला बाहेर काढणाऱ्या त्याच मिड-अमेरिकन साखळीतील संघ होता. पहिल्या विजयामागे शहराच्या भावनेचा मोठा आधार होता असे कोणी म्हणू शकेल, पण दुसरा विजय मार खात खात शिकलेल्या खेळाचा होता, आणि माझ्या लेखी त्याची किंमत जास्त आहे.

हंगाम संपल्यावर डॉसन यांनी प्रशिक्षण सोडले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात मृतांच्या स्मरणार्थ कारंजे उभारण्यात आले, आणि तिथे दर वर्षी १४ नोव्हेंबरला सर्वांची नावे वाचली जातात. लेंगयेल चार हंगाम राहिले. त्यांच्या नावावर ९ विजय आणि ३३ पराभव आहेत. पराभवांहून अधिक विजयांचा हंगाम मार्शलला १९८४ साली मिळाला. पुढे १९९२ मध्ये, आणि पुन्हा १९९६ मध्ये त्या हंगामातला एकही सामना न हरता, या संघाने आपल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९७१ साली पहिल्या वर्षात असताना मैदानात उतरलेल्या मुलांना त्यांच्या चार वर्षांत असा एकही हंगाम पाहायला मिळाला नाही, पण मार्शलचा संघ त्या वर्षांत टिकला तो त्यांच्यामुळे.

नमस्कार.