होय म्हणणारे किती?

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. म्हणून आज विधानसभेतल्या अशा एका गोष्टीबद्दल बोलावं म्हटलं, जी निव्वळ कानांवर चालते. आवाजी मतदान.

एकदा पास काढून प्रेक्षक दीर्घेत बसलो होतो. मोबाइल खाली जमा. माझ्या डोळ्यांसमोर एक विधेयक मताला आलं. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.’ डावी-उजवीकडून ‘होय’. ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.’ थोडं पुटपुटल्यासारखं ‘नाही’. ‘होयचे बहुमत. विधेयक संमत झाले.’ घाम पुसायला काढलेला रुमाल माझ्या हातातच होता. निम्मी बाकं रिकामी, पण त्याला हरकत नसते. सभागृह 288 जणांचं असलं तरी गणपूर्तीला, कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एक दशांश, म्हणजे 29 डोकी पुरतात.

बरेचसे कायदे असेच होतात, आणि त्यात गैर काही नाही. दोन्ही बाजूंना निकाल ठाऊक असतो, उगाच मोजणीत तास कशाला घालवायचा? पण कुणाला अध्यक्षांचा कौल पटला नाही, तर तो उठून ‘पोल’ मागू शकतो. म्हणजे मतविभाजन. मग घंटा घणघणते. लॉबीत, उपाहारगृहात असलेले आमदार हातातला चहा टाकून धावतात. थोड्या वेळाने दरवाजे बंद. आत असेल तो मोजला जाणार, बाहेर राहिला तो राहिला.

सगळी मेख या मागणीच्या वेळेत आहे. 12 नोव्हेंबर 2014 आठवा. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे 122 आले होते आणि बहुमताला 145 लागतात. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला, शिवसेना विरोधी बाकांवर. सकाळी हरिभाऊ बागडे बिनविरोध अध्यक्ष झाले आणि मग फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. शिवसेना आणि काँग्रेस म्हणाली, आम्ही पोल मागितला होता. सत्ताधारी म्हणाले, तुम्ही उशिरा मागितला. खरं कोणाचं, यावर विधान भवनाच्या पायऱ्यांपासून गावच्या पारापर्यंत वाद झाला. माझं मत विचाराल तर, नियमात बसलंही असेल, पण सरकार राहणार की जाणार हे कानाने ठरवू नये. गंमत म्हणजे त्याच दिवशी विरोधी पक्षनेते म्हणून एकनाथ शिंदे यांचं नाव जाहीर झालं, आणि महिना भरायच्या आत शिवसेना सरकारात जाऊन बसली. राजकारणात ‘नाही’चं ‘होय’ व्हायला घंटा वाजावी लागत नाही.

पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानेच बजावलं. 26 नोव्हेंबर 2019 चा आदेश: पुन्हा शपथ घेतलेल्या फडणवीसांनी दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करावं, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. ती वेळच आली नाही, कारण त्याच दुपारी फडणवीसांनी राजीनामा दिला. 30 तारखेला उद्धव ठाकरे यांच्या सरकारची परीक्षा झाली, ती मात्र शिरगणतीने. एकेक आमदार उभा राहतो, आपलं नाव सांगतो, आकडा म्हणतो आणि बसतो. एक, दोन, तीन… मी ती मोजणी घरी टीव्हीला पाठ करून, स्वयंपाकघरातून ऐकली. शंभराच्या पुढे गेल्यावर आकडे पाढ्यांसारखे वाटायला लागतात. 145 ऐकू आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. शेवटी बाजूने 169, तटस्थ 4, विरोधात शून्य. पण हे शून्य फसवं आहे बरं का. भाजपने मोजणीआधीच सभात्याग केला होता. बाहेर गेलेल्याचं ‘नाही’ कुठेच मोजत नाहीत.

4 जुलै 2022 ला पुन्हा शिरगणती. शिंदे सरकारच्या बाजूने 164, विरोधात 99, तटस्थ 3. त्या दिवशी काँग्रेसचे काही आमदार, त्यांत माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणसुद्धा, उशिरा पोचले. तोवर दरवाजे बंद. सभागृह अगदी समोर, आणि मत बाहेरच. त्याच दोन दिवसांत विरोधी बाकांवरून ‘ईडी, ईडी’ असा गजर चालला होता, हे सरकार ईडी या तपास यंत्रणेच्या धाकाने आलं या अर्थाने. फडणवीसांनी तो झेलून परतवला: हो, ई म्हणजे एकनाथ आणि डी म्हणजे देवेंद्र. 

या सगळ्या आवाजांच्या मधोमध प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातला शब्दन् शब्द टिपून घेणारे लघुलेखक, बसलेले असतात. मान खाली, हात चालू. ठराविक वेळाने एक उठतो, दुसरा बसतो, आणि भाषणातला शब्द सांडत नाही. त्या दिवशी दीर्घेतून मी भाषणांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहत होतो. एकदम पंधरा-वीस जण उठून ओरडायला लागले, कोण काय म्हणतंय ते वरून मला कळेना. खाली प्रतिवेदकाची पेन्सिल क्षणभर थबकली, मग तिने काहीतरी एवढंसंच टिपलं, आणि तो पुढचा वक्ता कधी उठतो याची वाट बघत बसला.