जादा तासांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामगार पाळी संपल्यावर थांबला, तर कायद्याने त्या जादा तासांची मजुरी दुप्पट दराने. हातात पडते का, तो विषय काढला तर आजची वेळ त्यातच जाईल. पण त्याच कामगाराच्या मुलीच्या शाळेतल्या बाई शाळा सुटल्यावर यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरत बसल्या, तर त्यांना असा दरच नाही. शाळा म्हणजे कारखाना नव्हे. शिवाय तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच ठरवलं.

मग बाईंच्या हातात काय उरतं?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट काढा. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला आठवड्याला किमान 45 तास, तयारीचे तास धरून. संस्थाचालक 'किमान'वर बोट ठेवतात आणि पुढचं वाचतच नाहीत. रात्री जेवणं आटोपल्यावर काढलेलं पाठ टाचण, म्हणजे उद्याच्या तासाची लेखी तयारीसुद्धा या 45 मध्ये मोजायचं आहे! कमाल मर्यादा मात्र कायद्याने घातलेली नाही. ही त्यातली मोठी फट, असं माझं मत.

याच कायद्याचं कलम 27 सांगतं, की शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. अपवाद तीनच: जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. संस्थेच्या अध्यक्षांच्या घरच्या लग्नात पाहुण्यांची सरबराई त्यात कुठेच नाही. शाळेचा पट वाढवायला मे महिन्याच्या उन्हात शहराच्या पूर्व भागात दारोदार फिरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर मात्र वाद घालता येईल. निवडणुकीचं काम टळत नाही, पण ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलेलं आहे.

खरी अडचण कलमांची नाहीच. हुकूम तोंडी येतो, नाहीतर शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर: 'उद्या नऊला सर्वांनी हजर राहावे.' खाली सगळ्यांचे अंगठे. शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचा नवा शिक्षक असेल, तर कायम होईपर्यंतची तीन वर्षं तोंड उघडायची सोयच नाही. अशा वेळी तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा काम करावं आणि सोमवारी दोन ओळींचा अर्ज द्यावा, असं मी सुचवेन: 'आपल्या सूचनेनुसार रविवारी नऊ ते तीन काम केले, बदली सुट्टी मिळावी.' अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून पोच घ्यायची. क्लार्क म्हणेल, 'राहू द्या हो बाई, साहेबांना सांगतो मी.' तरी पोच घ्यायचीच. मेसेजचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा.

खासगी मान्यताप्राप्त शाळेत यावरून कुणाला कामावरूनच काढलं, तर खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत 30 दिवसांची, आदेश हातात पडल्यापासून. संस्थेच्या दारी विनंत्या करण्यात ती घालवू नका.

नमस्कार.