'श': सोबतीचा प्रत्यय

इस्तंबूल. बोटीच्या धक्क्यावर दोन मैत्रिणी निरोप घेताहेत. एक म्हणते, "गोरुशुरुझ!" भेटूच.

'गोर' म्हणजे पाहणं. शेवटचा 'उझ' म्हणजे आपण. आणि मधला 'उश'? त्यात 'एकमेकांना' सामावलंय. मराठीत आपल्याला त्यासाठी वेगळा शब्द लागतो, नाहीतर 'मार' दोनदा म्हणून 'मारामारी' करावी लागते. तुर्कीत हे काम एकटा 'श' करतो. 'बुल' म्हणजे सापडणं; 'बुलुश' म्हणजे भेटणं. जणू माणसं एकमेकांना सापडतात!

हा 'श' फार जुना आहे. मंगोलियातल्या ओरखोन नदीच्या खोऱ्यात राजपुत्र क्युल तेगिनचा स्मृतिस्तंभ आहे, इ.स. 732 चा. त्यावरचा मजकूर जुन्या तुर्कीत आहे; त्याची लिपी 1893 मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसननी उलगडली. त्या दगडावर पुन्हा पुन्हा एक शब्द येतो: 'सुंगुशदिमिझ'. आम्ही लढलो. लढायला समोर कुणीतरी लागतंच, म्हणून तिथेही 'श'.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती 11व्या शतकातल्या महमूद अल-काशगरींची नोंद. तुर्की शब्दांचा अरबी कोश रचताना ते या 'श'चे अर्थ देतात: एखाद्या कामात कुणाशी चढाओढ करणं, किंवा त्याला हातभार लावणं. दूध काढणाऱ्याच्या शेजारी बसून दूध काढू लागणं, हेसुद्धा 'श'च.

आजच्या तुर्कीत 'गुलुश' म्हणजे सगळ्यांनी मिळून हसणं. तिच्याच कुळातल्या किर्गीझ भाषेत 'केलिश्ती' म्हणजे नुसतं 'ते आले'. इथे 'एकमेकांना' उरलंच नाही, उरली ती फक्त सोबत. माझ्या मते या प्रत्ययाचा गाभा तिथेच आहे.

मग तो आला कुठून? 'एश' म्हणजे सोबती, त्यातून आला, असा एक तर्क आहे. मोहक आहे, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. दुसरा धागा मंगोल भाषेकडे जातो. तुर्कीत दगड 'ताश', रशियातल्या चुवाश या तुर्की कुळातल्याच भाषेत 'चुल', मंगोलमध्ये 'चुलू'. म्हणजे काही शब्दांत तुर्की 'श'च्या जागी तिकडे 'ल' दिसतो. आणि मंगोल भाषेत 'मिळून करणं' दाखवणाऱ्या प्रत्ययातही 'ल' आहे. हे एकाच घराण्याचं रक्त, की शेजाऱ्यांची उसनवारी? यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

पश्चिम कझाखस्तान, 14 मार्च. धाकटे थोरांच्या घरी जातात आणि दोन्ही हातांनी त्यांचे हात धरतात. या दिवसाचं नाव 'कोरिसू'. कझाख हीसुद्धा तुर्की कुळातलीच भाषा; तिच्यात 'श'चा 'स' झालाय. 'कोर' म्हणजे पाहणं, आणि त्याला लागून तोच प्रत्यय.