हत्तीवरचे दोन न्यायमूर्ती आणि अमेरिकेची निवडणूक

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि सर्वोच्च न्यायालयाचा वैचारिक तोल', एवढं जड नाव संयोजकांचं, माझं नाही. माझं म्हणणं साधं आहे. तिकडचा मतदार अध्यक्ष निवडतो चार वर्षांसाठी, पण त्याच मतावर कोर्ट ठरतं पंचवीस-तीस वर्षांसाठी, आणि खुर्ची नेमकी कधी रिकामी होणार हे मात्र म्हाताऱ्या न्यायमूर्तींच्या तब्येतीवर आणि हट्टावर असतं.

नऊ न्यायमूर्ती, तहहयात. आपल्याकडे पासष्ट पूर्ण झाली की घरी, आपले लळित साहेब तर सरन्यायाधीश म्हणून 74 दिवस होते, आणि तिकडे वयाची अटच नाही. अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, मंजूर करते. हे तुम्हाला माहितीये, पुढे जातो.

1994 सालचा एक फोटो आहे, आपल्याच देशात काढलेला, घरी गेल्यावर नक्की शोधा. सजवलेल्या हत्तीवर दोघं बसलेत. पुढे अँटोनिन स्कलिया, धिप्पाड, कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह, रेगननी 1986 ला नेमलेले. मागे रूथ बेडर गिन्सबर्ग, चणीने एवढ्याशा, पक्क्या लिबरल, क्लिंटननी 1993 ला नेमलेल्या. निकालपत्रात एकमेकांची सालटी काढायचे आणि बाहेर अशी दोस्ती की ऑपेराला सोबत. तर गिन्सबर्गबाईंना मैत्रिणींनी विचारलं, अगं तू स्त्रीमुक्तीवाली, मागे कशी बसलीस? बाई म्हणाल्या, वजनाच्या तोलाचा प्रश्न होता. (हशा) शिवाय हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह, म्हणजे पुढे कोण बसणार हे ठरलेलंच... दोघंच हसले, बाकीच्यांना बसपा आठवली वाटतं.

आणि गंमत बघा, स्कलियांना सिनेटने 98-0 ने मंजूर केलं, गिन्सबर्गना 96-3 ने. तेव्हा माणूस हुशार आहे ना, झालं, असं चालायचं.

आता हे दोघं गेले कधी ते बघा, सगळी गोष्ट त्यातच आहे. स्कलिया गेले फेब्रुवारी 2016 मध्ये. ओबामांचे जवळजवळ अकरा महिने शिल्लक होते, त्यांनी मेरिक गार्लंड हे नाव दिलं, चांगलं मवाळ, कुणी हरकत घेऊ नये असं. पण सिनेट रिपब्लिकनांच्या हातात, त्यांचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांनाच ठरवू दे. सुनावणीसुद्धा घेतली नाही! खुर्ची वर्षभर रिकामी. तिकडे रिपब्लिकन उमेदवार ट्रम्पनी आपण कुणाला नेमू शकतो त्यांची यादीच जाहीर केली, म्हणजे ज्यांना माणूस पसंत नव्हता त्यांनीही यादीकडे बघून मत दिलं. ट्रम्प जिंकले, आणि एप्रिल 2017 ला त्यांनी नेमलेले नील गोर्सच खुर्चीत.

इथे मला जरा तक्रार करायचीये. आपले चॅनलवाले अमेरिकेच्या निकालाच्या दिवशी पहाटेपासून लाल-निळे नकाशे दाखवतात, चार तज्ज्ञ बसवतात, भारताला काय फायदा, शेअर बाजाराचं काय, पण सिनेट कुणाकडे गेली हे खालच्या पट्टीत सरकून जातं. अहो, सिनेट नसेल तर अध्यक्षाने सुचवलेल्या नावाला किंमत काय? मी एकदा एका चॅनलवर हे सांगायला गेलो तर ब्रेक घेतला. घेतला तो घेतलाच.

आणि हे गिन्सबर्गना सांगायचा प्रयत्न झाला होता. 2013 ला ओबामांनी त्यांना जेवायला बोलावलं, त्या ऐंशीच्या, दोनदा कॅन्सर होऊन गेलेला. ओबामांनी थेट काही म्हटलं नाही, पुढच्या वर्षी सिनेट हातची जाऊ शकते एवढंच आडून सुचवलं म्हणे. बाई राहिल्या. 2014 ला सिनेट गेलीच. 18 सप्टेंबर 2020 ला त्या गेल्या, निवडणूक 3 नोव्हेंबरला. आता मॅकॉनेल साहेबांचं 'लोकांना ठरवू दे' कुठे गेलं? 26 ऑक्टोबरला ट्रम्पनी नेमलेल्या एमी बॅरेट 52-48 ने मंजूर, डेमोक्रॅटांचं एकही मत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळवतो.

कार्टर चार वर्षं अध्यक्ष, एकही नेमणूक मिळाली नाही. निक्सनना पहिल्याच टर्ममध्ये चार, ट्रम्पना तीन. म्हणजे नशीब. पूर्वी माणूस हातचा निसटायचाही, थोरल्या बुशनी 1990 ला नेमलेले सूटर पुढे लिबरल बाजूला गेले, तेव्हापासून रिपब्लिकन नाव चाळणीतून गाळून घेतात, तरुणच घेतात. थॉमस 1991 ला आले तेव्हा 43 चे होते, बुश पुढच्याच वर्षी हरले, थॉमस राहिले. परिणाम काय, तर 6-3 चं कोर्ट, सहा कॉन्झर्व्हेटिव्ह, तीन लिबरल, जून 2022 मध्ये गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क गेला, 2023 ला कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करणं बंद. आपली पोरं एच-वन-बीवर आहेत ना तिकडे, त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नाही असा आदेश ट्रम्पनी जानेवारी 2025 ला काढला, तो वादही कोर्टाच्याच दारात गेला.

उपाय? न्यायमूर्तींना अठरा वर्षांची मुदत द्या असं बरेच जण म्हणतात, म्हणजे प्रत्येक अध्यक्षाला टर्ममध्ये दोन. मला पटतं. पण बहुतेकांच्या मते त्याला घटनादुरुस्ती हवी, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर 38 राज्यं. तेव्हा विसरा. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, चहा मागच्या बाजूला आहे.