दहाचा गठ्ठा

(पडद्यावर: फरशीवर पसरलेल्या तुराट्या, कापणारे हात)

तूर झोडून झाली की उरतात त्या तुराट्या. एरवी चुलीत जातात, इथं दुसरीच्या गणिताला लागतात: दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक-एकक शिकायला. पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची, 10 सेंटीमीटरचे तुकडे करायचे, टोकं दगडावर घासून बोथट करायची. तुकडे फार आखूड झाले तर गठ्ठ्यातून निसटतात, फार लांब झाले तर गठ्ठा एका बाजूनं फिसकारतो. चार मुलांच्या गटाला साधारण 120 काड्या पुरतात.

बांधायला दुकानातली रबरं घेतली तर उन्हाळ्यात ती चिकट होतात आणि नेमकी मोजताना तुटतात. म्हणून सायकलची जुनी ट्यूब आडवी कापून अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या केल्या आहेत. दहा काड्यांवर त्या एकाच वेढ्यात घट्ट बसतात. सात वर्षांच्या मुलाला स्वतः चढवता येतात आणि स्वतः काढताही येतात. काढता येणं जास्त महत्त्वाचं. बाजारात दशकाचा अखंड प्लास्टिकचा दांडा मिळतो, दिसतोही छान, पण तो सुटत नाही. गुरुवारी वजाबाकीत गठ्ठा सोडायची वेळ येते, तेव्हा तो काय कामाचा?

(पडद्यावर: वर्ग. सोमवार)

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच बाईंकडे. पहिलीची मुलं भिंतीकडेला चिंचोके मोजताहेत. दुसरीचा या आठवड्याचा विषय दशक-एकक.

प्रत्येक गटापुढे काड्यांचा ढीग. किती असतील ते आधी अंदाजानं सांगायचं, मग मोजायचं. एकेक मोजताना तिशीच्या आसपास कुणीतरी हाक मारतं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. बाई हे दोनदा होऊ देतात. गठ्ठ्याची गरज मुलांना तिथंच कळते. मग नियम येतो: दहा झाल्या की बांधायच्याच, दहा झाल्या नसतील तर बांधायच्या नाहीत.

आता तपासणी. गटांनी एकमेकांचे गठ्ठे बदलून घेतलेत. “बाई, यात अकरा!” हा आवाज येणारच. एका गठ्ठ्यात नऊ आणि दुसऱ्यात अकरा असतील तर बेरीज बरोबर येते आणि चूक लपून राहते. म्हणून एकूण उत्तर तपासून भागत नाही, गठ्ठा न् गठ्ठा मोजावा लागतो. याला वेळ जातो. सोमवारी वही दप्तरातून निघतच नाही. घरी विचारणा होते, “आज काय लिहिलं?” होऊ द्यावी.

(पडद्यावर: खडूनं आखलेली दोन घरं. मंगळवार)

डावीकडे दशकाचं घर, उजवीकडे एककाचं. इथं मुलं गोल बसलेली नाहीत, एका रांगेत बसलीत, आणि बाईही त्यांच्याच बाजूला. समोर बसून घरं आखली की बाईंचं डावं ते मुलांचं उजवं होतं. गोलात बसवलं तर निम्म्या मुलांना 23 उलटा दिसतो.

आकडा वाचताना अडचण वेगळी. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पाटीवर 32 उमटतो. ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस तीन’ अशी जोडवाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. या वर्गात त्या वादाला जागा नाही, दोन्ही रीती चालतात. दोन गठ्ठ्यांवर हात ठेवून “वीस”, सुट्यांवर ठेवून “तीन”, आणि मग सगळ्यांनी मिळून “तेवीस”.

(पडद्यावर: चकती सुटते, काड्या पसरतात. गुरुवार)

42 वजा 17. चार गठ्ठे, दोन सुट्या. त्यातून सात सुट्या द्यायच्या. मुलं दोन काड्यांकडे पाहत राहतात. बाई काही सांगत नाहीत. थोड्या वेळानं एक हात गठ्ठ्याकडे जातो.

गठ्ठा सुटला. आता तीन गठ्ठे आणि 12 सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा दिला, दोन उरले. 25.

काही पाट्यांवर मात्र 35 आहे. हे 35 दोन वाटांनी येतं. एका मुलानं ‘दोनातून सात जात नाहीत’ म्हणून सातातून दोन काढले. दुसऱ्यानं गठ्ठा नीट सोडला, पण लिहिताना दशकाचे चार तसेच ठेवले. उत्तर एकच, चुका दोन. पहिल्याला पुन्हा काड्यांवर न्यायचं. दुसऱ्याला फक्त गठ्ठा सुटला की लगेच पाटीवरचा 4 खोडून 3 करायची सवय लावायची. पाटी पाहून हा फरक कळत नाही, म्हणून बाई पाट्या गोळा करत नाहीत. त्या हात पाहत गटागटांतून फिरतात.

(पडद्यावर: व्हरांड्यातला बाजार. शनिवार)

आनंददायी शनिवार, म्हणजे शाळेतला उपक्रमांचा दिवस. लिंबं, कोथिंबिरीच्या जुड्या, पेरू. किमती मुद्दाम 7, 12, 18. दहाच्या पटीत ठेवल्या की सुट्यांचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाइकाला कागदी नोटांचे 100 रुपये, सगळे दहा-दहाचे. दुकानदाराकडे सुटे थोडेच. ते संपले की कोपऱ्यातल्या बँकेत जायचं, दहाची एक नोट देऊन एकाच्या दहा आणायच्या. बँकेपुढची रांग बघा. गुरुवारचा सुटलेला गठ्ठा इथं नोट होऊन आला आहे.

दुसरी संपेपर्यंत 99 पर्यंतची वजाबाकी यावी, असं केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे. या वर्गात बऱ्याच जणांना ती आली, काहींना अजून नाही. त्यांच्यासाठी सोमवारी परिपाठानंतर अर्धा तास वेगळा ठेवलाय: त्याच काड्या, त्याच चकत्या, आणि पहिलं गणित 31 वजा 14.