काळूच्या कमरेतल्या सुया

श्रोतेहो, नमस्कार.

आंबा मोहरावर होता, तेव्हाची गोष्ट. एका बागायतदार अण्णांचा सकाळीच फोन आला. "डॉक्टरीणबाई, काळूला कोणी करणीबिरणी केलीन काय ओ? वानरं समोर नाचतायत नि हा पडवीत लोळत पडलाय."

काळू म्हणजे त्यांच्या कलमांचा अकरा वर्षांचा राखणदार, अस्सल गावठी. मी पोचले तेव्हा तो अंगणातून पडवीत चढत होता. जांभ्या चिऱ्याच्या तीनच पायऱ्या. पुढचे पाय वर टेकवले, थांबला, मग मागचे दोन्ही पाय एकदम उचलून कसाबसा वर आला. नखं वाढलेली, कारण पाय जमिनीला नीट घासलेच जात नव्हते. एका गुडघ्यावरचे केस चाटून चाटून तांबूस झालेले. अण्णा म्हणाले, "म्हातारा झालाय ओ, दुसरं काय."

हे वाक्य मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या अंगणात ऐकायला मिळतं. पण म्हातारपण हा काही रोग नाही. काळूची कंबर दुखत होती. जुन्या दुखण्याला कुत्रा सहसा ओरडत नाही. तो एकेक गोष्ट सोडून देतो. आधी उडी जाते, मग पायरी, मग शेपूट वर धरणं. मांजर माळ्यावर जायचं बंद होतं, पाठ चाटायची सोडतं, पाठीवर केसांच्या गुठळ्या होतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, हल्ली किती शांत झालीय!

अण्णांनी दरम्यान एक उद्योग केला होता. स्वतःच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी भाकरीत घालून काळूला दोन दिवस दिली होती. तिसऱ्या दिवशी काळी, डांबरासारखी शी. म्हणजे पोटात रक्तस्राव. मंडळी, हे कृपा करून करू नका. आपल्याला चालणारं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. हेच डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं संपली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. म्हसळ्याच्या चिरगावात गिधाडं जपायला लोकांना काय यातायात करावी लागली, ते रायगडच्या श्रोत्यांना मी काय सांगायचं!

काळूचं पोट सावरल्यावर एक्स-रे काढला. कमरेच्या मणक्यांच्या कडांना हाड वाढलेलं होतं. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामक औषधं आहेत, पण त्याच्या पोटाने आधीच मार खाल्लेला. म्हणून मी अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं. अण्णा हसले. "कुत्र्याला सुया? म्हणजे आमचे आजोबा बैलाला डाग द्यायचे, तसंच ना?"

तसं नाही. डाग म्हणजे तापल्या लोखंडाने केलेली जखम, एका दुखण्यावर दुसरं दुखणं. ही सुई केसापेक्षा थोडी जाड, आत पोकळ नाही, तिच्यातून औषध जात नाही. आपल्या मराठी माणसांना या विद्येचा एक लांबचा धागाही आहे. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत डॉ. बसू होते. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

काळूला पडवीतच त्याच्या गोणपाटावर निजवलं. कमरेचे मणके संपून माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड सुरू होतं तिथे एक खळगा लागतो, पहिली सुई तिथे. चिनी वैद्य त्या जागेला बाईहुई म्हणतात. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मग गुडघ्याखाली. पहिल्या सुईला त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौथीला कातडी थरथरली. सातवीपर्यंत कान पडले, मोठी जांभई आली आणि गडी घोरायला लागला. वीस मिनिटांनी उठला तो अंग झाडतच! अकरा सुया टोचल्या होत्या, हाताला दहा लागल्या. अण्णांच्या नातवाने लोहचुंबक आणलं, गोणपाट उलटं झालं, आणि सुई निघाली काळूच्याच शेपटीच्या झुपक्यातून. तेव्हापासून मी सुया दोनदा मोजते.

आत काय होतं? अमेरिकेत रॉचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली उंदरांवर दाखवलं की सुई टोचून अधूनमधून फिरवली की त्या जागी अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि वेदनेचा निरोप मंदावतो. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यंही सोडतं, हे त्याआधीच कळलं होतं. पण खरं तेच सांगते. २००६ साली पाळीव जनावरांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा कुठल्याच आजारात ठाम शिफारस करावी एवढा पुरावा मिळाला नाही. प्रयोग लहान, काही ढिसाळ. म्हणून मी सुईला जोडीदार मानते, मुख्य उपचार नाही. वजन उतरवणं, नखं कापणं, टाइल्सवर गोणपाट टाकणं, रोज थोडं चालवणं, हे आधी. नव्या घरांतल्या गुळगुळीत फरशीने आपल्या कुत्र्यांचे किती सांधे खिळखिळे केलेत, ते एकदा मोजायला हवं!

आणि निदान सगळ्याच्या आधी. आपल्याकडे गोचीड बारमाही. गोचीडतापातही कुत्रा लंगडतो, सांधे सुजतात, आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. अशाला सुया टोचल्या तर रक्त थांबायला जड जाईल. म्हणून काळूचं रक्त तपासल्याशिवाय मी सुयांचं पाकीट उघडलं नाही. गाठ असेल तिथे, कातडी चिघळली असेल तिथे सुई नको. गाभण असेल तर आधी सांगा. आणि सुई नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाकडूनच, तीही त्याने हे रीतसर शिकलं असेल तर. "माणसांना टोचतो, कुत्र्यालाही टोचेन" म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम.

आठवड्याला एकदा, असं पाच वेळा केलं. तिसऱ्या खेपेपर्यंत काहीच फरक नव्हता, आणि अण्णा तसं तोंडावर म्हणालेही. पाचव्याला काळू तिन्ही पायऱ्या एकेक पाय टाकत चढला. सुयांमुळे, की उतरलेल्या दोन किलोंमुळे, की दोन्हींमुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. आता महिन्याला एकदा पुरतं. वानरांमागे तो काही धावत नाही, ते काम त्याच्या पोराकडे गेलंय. हा वरच्या पायरीवर बसून भुंकतो.

तुमच्याकडे असा कोणी पडवीत पडून असेल, तर डॉक्टरांकडे नेण्याआधी तो घरात कसा उठतो, कसा चढतो, याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पाऊल टाकलं की भीतीने सगळे नीट चालतात. आणि येताना त्याचं नेहमीचं गोणपाट आणा. न धुतलेलं.